फळ नाही, तरी फळमाशी? गोंड्यात वाढणाऱ्या माशीचं जीवनचक्र

पानगळ
गेले काही दिवस एक माशी डोक्यात बसली आहे. सूर्यफुलाच्या कुळातल्या एका काटेरी झाडाच्या बंद कळ्यांवर ती दिसते. घरमाशीपेक्षा बरीच लहान, अंग पिवळट-करडं, डोळे हिरवट चमकणारे, पंखांवर काळे पट्टे. कळीवर दोन पावलं चालते, थांबते, एक पंख पुढे काढून फिरवते, मग दुसरा. मादीच्या पोटाला मागे काळी टोकदार नळी आहे. ती कळीच्या टोकात खुपसून बराच वेळ स्तब्ध बसते.

मग त्याच झाडाचा एक सुकलेला गोंडा फोडला. आत पांढऱ्या, बिनपायाच्या, बुटक्या अळ्या. काही दाणे पोखरलेले. आणि मध्येच एक-दोन जागा इतक्या टणक की नखाने फुटेनात. फोटो एका जाणकारांना पाठवला तर उत्तर आलं, 'फळमाशी'. एवढंच.

झाडाला फळ कुठे आहे? ही माशी फुलात नेमकं काय करते, किती दिवस राहते, आणि फुलं संपली की जाते कुठे? शिवाय एक व्यावहारिक प्रश्न: हे सुकलेले गोंडे काढून जाळावेत की राहू द्यावेत?

चहाटळ
केळी झाकून ठेवा, आपोआप जाईल.

सहापाय
@चहाटळ, केळ्यांवर घोंघावते ती ड्रॉसोफिला. तिचं कुळच वेगळं, ड्रॉसोफिलिडी. तिला सडणारं, आंबणारं फळ लागतं, कारण तिच्या अळ्यांची मुख्य भिस्त त्यावरच्या यीस्टवर असते. पानगळ यांची माशी टेफ्रिटिडी कुळातली. हे लोक जिवंत झाडात शिरतात. आंबा, पेरू, काकडीवर्गीय फळं पोखरणाऱ्या माश्या याच कुळातल्या, म्हणून सगळ्या कुळालाच 'फळमाशी' चिकटलं. जवळपास ५,००० जाती आहेत आणि त्यातल्या पुष्कळ जन्मात फळाच्या वाटेला जात नाहीत. टेफ्रिटिनी या उपकुळातल्या बहुतेक जाती सूर्यफुलाच्या कुळातल्या गोंड्यांतच वाढतात.

आता गोंडा म्हणजे काय ते आधी पाहू, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती शेकडो बारीक पुष्पकांची दाटी असते. खाली मांसल पुष्पासन, त्यावर पुष्पकं उभी, प्रत्येकाच्या बुडाशी एक किंजपुट, म्हणजे पुढे होणारा एक दाणा. बाहेरून छदांचे, म्हणजे खवल्यांसारख्या पानांचे, थर एकावर एक घट्ट. अळीच्या दृष्टीने आत जेवण आहे, भिंती आहेत आणि ऊनपाऊस बाहेर आहे. अडचण एकच, आत शिरायचं कसं. ते काम आईची नळी करते.

वेळेचं गणित इथेच सुरू होतं. कळी फार कोवळी असेल तर आत पुष्पकं पुरती घडलेली नसतात. उमलायला आली की छदं सैल होतात, आतली पेशीजालं कडक व्हायला लागतात. मधले थोडे दिवस उपयोगाचे. मादी कळीवर फिरताना मापच घेत असते म्हणा ना. योग्य आकाराची वाटली की छदांच्या टोकांमधून नळी आत सारते आणि पुष्पकांवर किंवा त्यांच्या मध्ये अंडी ठेवते.

बाकी क्रम सगळ्या माश्यांसारखाच: अंडं, अळीच्या तीन अवस्था, कोष, माशी. तिसऱ्या अवस्थेतल्या अळीची कातडी आकसून टणक होते आणि तीच कोषाचं कवच बनते. बाहेर पडताना माशी कपाळावरची एक पिशवी फुगवून कवचाचं झाकण उडवते. नंतर ती पिशवी कायमची आत जाते, कपाळावर फक्त एक शिवण उरते.

झुळूक
कपाळातून पिशवी!! जेवताना वाचायला नको होतं.

पानगळ
@सहापाय, मस्त. पण ते टणक खडे काय आहेत? बियाच असाव्यात असं वाटलं होतं, पण आकार वेडावाकडा आहे.

गाठोडं
माझ्या आवडीचा विषय आल्याने पहिल्यांदाच या विभागात लिहितोय.

ते खडे म्हणजे गाठी. सगळ्या जाती गाठ करत नाहीत, पण युरोफोरा या वंशातल्या करतात आणि तुमच्या वर्णनातली लांब काळी नळी व पट्टेदार पंखही त्यांच्याशी जुळतात. फोटोशिवाय जात सांगणार नाही.

होतं असं. अळी पुष्पकातून खाली उतरते आणि किंजपुटात किंवा थेट पुष्पासनात घुसते. तिथल्या पेशी मग बियांचं काम सोडून अळीभोवती वाढायला लागतात. आतल्या बाजूला पौष्टिक मऊ थर, बाहेर लाकडासारखं कवच. प्रत्येक अळीला आपली खोली. अळ्या जास्त असतील तर खोल्या एकमेकींना चिकटतात आणि गोंड्याच्या बुडाशी एकच ओबडधोबड गोळा होतो.

दोन जातींची तुलना इथे फार मजेशीर आहे. युरोफोरा अफिनिस पुष्पासनात गाठ करते, ती लाकडी असते. युरोफोरा क्वाड्रिफॅसिआटा किंजपुटात करते, ती कागदासारखी पातळ. पहिली लहान कळ्या धरते, दुसरी थोड्या मोठ्या. त्यामुळे एकाच झाडावर, कधी एकाच गोंड्यात, दोघींचा संसार चालतो.

गाठीचं खरं महत्त्व खाण्यात नाही, ओढण्यात आहे. झाडाने बियांसाठी पाठवलेला माल गाठ स्वतःकडे खेचते. गाठीचे गोंडे भरपूर झाले की ज्या गोंड्यांत अळीच नाही तेही कमी भरतात. दाणे पोखरणारी अळी जेवढं खाते तेवढंच नुकसान करते. गाठवाली न खाताही करते.

तर्कट
पेशी 'बियांचं काम सोडून' अळीचं घर बांधतात हे वाचायला छान आहे, पण झाड स्वतःच्या तोट्याचं काम का करेल? त्याने अळीला कोंडून ठेवलंय असंही म्हणता येईल की. भिंत बांधली आणि बाकीचा गोंडा वाचवला.

गाठोडं
म्हणता येईल, लोक म्हणायचेही. पण कोंडायचंच असतं तर आतून पौष्टिक थर कशाला? त्यातून अळी चावायची थांबली, मेली, तर गाठीची वाढही खुंटते. म्हणजे दोरी अळीच्या हातात आहे.

तर्कट
अळीला हात नसतात.

गाठोडं
तोंडातल्या आकड्यात म्हणा हवं तर.

मुंगीवाट
पंखांबद्दल कोणीच बोललं नाही! गोनियुरेलिया ट्रायडेन्स नावाच्या माशीच्या पारदर्शक पंखांवर हुबेहूब दोन मुंग्या दिसतात, एकेका पंखावर एक. डोकं, कंबर, पाय, सगळं. ती टेफ्रिटिनीच आहे. फोटो पाहिला तर खोटा वाटेल. शत्रूला वाटत असणार, माशीच्या दोन्ही बाजूंनी मुंग्या चालल्यात.

तर्कट
'वाटत असणार' यावर माझा कायमचा आक्षेप. मुंगी आपल्याला दिसते. पक्ष्याला, कोळ्याला काय दिसतं हे तपासल्याशिवाय ती नुसती नक्षी आहे. ढगातही हत्ती दिसतात.

सहापाय
मुंग्यांबद्दल तर्कट यांच्याशी सहमत. पण याच कुळातल्या दुसऱ्या एका माशीवर नेटका प्रयोग झालेला आहे. झोनोसेमाटा व्हिटिजेरा ही गोंड्यात नाही, फळात वाढते, पण पंखांवर तसेच पट्टे आणि तीच हालवायची सवय. उड्या मारणारे कोळी समोर आले की ती पंख हलवते आणि कोळी मागे सरतात. कारण पट्टे म्हणजे कोळ्याचे पाय आणि हालचाल म्हणजे दुसऱ्या कोळ्याची धमकी.

ग्रीन, ओर्सॅक आणि व्हिटमन यांनी १९८७ साली 'सायन्स'मध्ये हे छापलं. त्यांनी या माशीचे पंख कापून घरमाशीचे पंख चिकटवले. हालचाल तीच, पट्टे नाहीत. कोळ्याने धरली. उलट घरमाशीला पट्टेदार पंख चिकटवले, तर पट्टे आहेत पण हालचाल नाही, तीही वाचली नाही. आणि कापण्या-चिकटवण्याचाच परिणाम नको म्हणून काही माश्यांना त्यांचेच पंख परत चिकटवले. त्या वाचल्या. पाल, खंडोबाकिडा वगैरे दुसऱ्या शिकाऱ्यांना मात्र या नाटकाचा काही फरक पडला नाही.

पानगळ यांच्या माशीचं पंख फिरवणं मात्र कोळ्यासाठीच असेल असं नाही. नर कळ्या अडवून बसतात, मादी आली की तिच्यासमोर आणि दुसरा नर आला की त्याच्यासमोरही पंखांचेच हावभाव चालतात. कळी हीच भेटीची जागा, कारण मादीला तिथे यावंच लागतं.

झुळूक
पंख परत चिकटवणाऱ्याच्या हातांना नमस्कार. माझी सुईत दोरा ओवताना वाट लागते.

बांधावरून
तुमचं सगळं कौतुक वाचतोय, पण करडई लावणाऱ्याला विचारा. आमच्याकडे याच कुळातली माशी, ॲकँथिओफिलस हेलिआंथी. कळीत अंडी घालते, अळ्या फुलाचा आतला भाग आणि बुडाची गादी खातात. लागण झालेलं बोंड सडतं, टोकाकडून घाण वासाचा चिकट पाणचट द्रव पाझरतो. गाठबिठ काही नाही, सरळ नासाडी. एका हंगामात एकामागोमाग पिढ्या निघतात, म्हणजे पहिल्या कळ्यांत वाढलेल्या माश्या मागाहून येणाऱ्या कळ्यांवर बसतात.

आणि हो, बोंड ओलं दिसल्यावर फवारून उपयोग नाही. अळी आत आहे, औषध बाहेर.

सहापाय
@बांधावरून, अगदी. गाठवाल्या युरोफोरांत बहुधा वर्षाला एकच मुख्य पिढी, काहींच्या दोन. गाठ न करणाऱ्या करडईच्या माशीसारख्या जातींना लागोपाठ पिढ्या जमतात. ज्या झाडाला महिनोन्महिने कळ्या येत राहतात तिथे घाई करणारीला फायदा. ज्याचा बहर एकदाच येतो तिथे पुढच्या बहरापर्यंत थांबायची सोय हवी.

जुनी_वही
@पानगळ, 'फुलं संपली की जाते कुठे' याचं उत्तर अजून नीट आलेलं नाही, म्हणून लिहिते. वेगवेगळ्या वंशांची तऱ्हा वेगळी आहे.

युरोफोरा कुठेच जात नाही. पूर्ण वाढलेली अळी गाठीतच हिवाळा काढते, वसंतात तिथेच कोष करते आणि नव्या कळ्या धरायच्या सुमाराला माशी बाहेर येते. म्हणजे वर्षातले बहुतेक महिने ती एका खोलीत, जवळजवळ हालचाल न करता. पंखवाली माशी काही आठवडेच जगते.

टेफ्रिटिस वंशात उलट. टेफ्रिटिस कोनुरा ही थंड प्रदेशातल्या सिर्सिअम या काटेरी झाडांच्या कळ्यांत वाढते. तिच्या माश्या उन्हाळ्यातच गोंड्यातून निघतात आणि हिवाळा माशीच्या रूपातच, दुसरीकडे आडोशाला काढतात. पुढच्या वर्षी परत आपल्याच झाडाच्या कळ्यांवर. तिच्यात सिर्सिअमच्या दोन जातींवर वाढणारे दोन वेगळे वाण पडले आहेत, म्हणून जाती कशा फुटतात याचा अभ्यास करणारे तिच्या मागे असतात.

गाठीत बसणं सुरक्षित वाटतं, पण तसं नाही. जी. सी. व्हार्ली यांनी १९३० च्या दशकात केंब्रिजजवळ युरोफोरा जेसिआना या माशीचा पिच्छा पुरवला. अंड्यापासून माशीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती मेल्या आणि कशाने, याचा हिशोब १९४७ मध्ये छापला. प्राण्यांची संख्या कशी आटोक्यात राहते यावरच्या सुरुवातीच्या चोख कामांत तो धरतात. हिवाळ्यात जमिनीवर पडलेले गोंडे उंदीर फोडून खात. आणि उन्हाळ्यात परजीवी गांधीलमाश्यांचा मारा.

त्यातल्या युरिटोमा नावाच्या एका गांधीलमाशीची गोष्ट वाचून मी चाटच पडले. तिची अळी युरोफोराच्या अळीत वाढते तेव्हा यजमान अळी वेळेआधीच कोष करते. एरवी जिने वसंतापर्यंत थांबायचं, ती परक्याच्या सोयीसाठी उन्हाळ्यातच कवच बांधते आणि आतून संपते.

चहाटळ
म्हणजे झाडाला अळीने फसवलं, अळीला गांधीलमाशीने, आणि सगळ्यांना उंदराने. ही तर मालिका आहे, रोज रात्री लावता येईल.

तर्कट
आता माझा मूळ मुद्दा. ही माशी बिया संपवते, तर तणांवर सोडा की. फुकटात तणनाशक. शेतकऱ्याचा त्रास तोच आपला फायदा.

गाठोडं
सोडल्या होत्या की! वर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या अफिनिस आणि क्वाड्रिफॅसिआटाच. नॅपवीड ही युरोप-आशियातली झुडपं उत्तर अमेरिकेत गेली आणि कुरणंच्या कुरणं गिळली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या दोन माश्या युरोपातून नेऊन आधी कॅनडात सोडल्या. त्या रुजल्या, पसरल्या, आणि बियांचं उत्पादन खरोखरच प्रचंड घटलं.

आणि नॅपवीड तिथेच राहिलं. कारण ते झाड बिया गरजेपेक्षा कितीतरी जास्त करतं. जमिनीत रोपाला जागाच मोजकी असेल तर शंभर बियांतल्या नव्वद गेल्या तरी त्या जागा भरायला दहा पुरतात. त्यातली डिफ्यूज नॅपवीड ही जात मागे हटली ते पुढे लॅरिनस मिन्युटस हा सोंडे भुंगा सोडल्यावर. त्याची अळी बिया खातेच, पण भुंगे स्वतः पानं आणि खोडही कुरतडतात, रोपंच मरतात.

जुनी_वही
आणि त्याचं शेपूट ऐका. अमेरिकेतल्या मॉन्टानात डिअर माइस या उंदरांना हिवाळ्यात या गाठींचा सुकाळ झाला. एरवी उपासमारीच्या दिवसांत गाठीगाठीत एक-एक चरबीदार अळी. पिअर्सन आणि कॅलावे यांच्या २००६ च्या अभ्यासात, जिथे या माश्या होत्या तिथे उंदीर जास्त सापडले आणि हांटाव्हायरसची लागण होऊन गेलेले उंदीर तिपटीहून अधिक. माणसाला होणारा सिन नोंब्रे हा हांटाव्हायरस हेच उंदीर बाळगतात.

म्हणजे माश्या नॅपवीडशिवाय दुसऱ्या झाडावर गेल्याच नाहीत. निवड चोख होती. त्या संख्येने खूप झाल्या पण तण कमी करू शकल्या नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं खाऊ बनून राहिल्या. माझ्या मते हा प्रयोग फसण्यापेक्षा अर्धवट यशस्वी होणं जास्त महागात पडलं.

तर्कट
हे माहीत नव्हतं. तरी सगळेच प्रयोग असे नसणार.

गाठोडं
नाहीतच. पण माणसाच्या हातून होणारा गोंधळ धरूनच चला. यलो स्टारथिसल या दुसऱ्या एका तणावर केटोरेलिया ऑस्ट्रालिस ही माशी सोडायची होती. तिच्यासोबत १९९१ मध्ये ओरेगनात दिसायला जवळजवळ तशीच केटोरेलिया सक्सिनिआ नकळत सुटली. गंमत म्हणजे चुकून आलेलीच जास्त जोमाने पसरली. पंखावरच्या पट्ट्यांकडे पाहून जात ओळखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रानफूल_७
वाचनखूण साठवली. एक शंका, नुसत्या झाडाच्या मऊ भागावर अळीचं भागतं कसं?

सहापाय
सगळं एकटीने भागवत नाही. टेफ्रिटिनीतल्या अनेक जातींच्या आतड्यात स्टॅमेरुला नावाचे जिवाणू असतात, आईकडून अंड्यामार्फत पुढच्या पिढीत जाणारे. श्टामर यांनी १९२९ मध्ये या जिवाणूंचं वर्णन केलं, त्यांच्यावरूनच नाव पडलं. पंखवाल्या माश्या मध, मावा-तुडतुड्यांचा गोड चिकटा चाटतात. अंडी भरायला प्रथिनं लागतात, त्यासाठी पक्ष्यांच्या विष्ठेवरही बसतात.

झुळूक
सहापाय, तुम्ही मुद्दाम जेवणाची वेळ साधता.

पानगळ
सर्वांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता जाळायच्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या झाडाच्या गोंड्यात टणक गाठी आहेत, म्हणजे अळ्या अजून आत आहेत असं धरू?

जुनी_वही
बंद असतील तर हो. पण नीट पाहा. गाठीच्या वरच्या टोकाला गोल भोक असेल तर रहिवासी निघून गेलेला. भोक फारच बारीक असेल तर निघाली ती गांधीलमाशी. गोंड्यात गाठच नसून नुसती रिकामी कवचं असतील तर टेफ्रिटिससारखी एखादी असू शकते. तेव्हा जाळून हाती राखच येईल, माश्या कधीच उडाल्या.

गाठी असताना जाळलंत तर अळ्या मरतील, आणि त्यांच्यातल्या गांधीलमाश्याही. शेजारी दुसरीकडे ही झाडं असतील तर पुढच्या वर्षी माश्या तिथून येतीलच, त्यांना आवरणाऱ्या गांधीलमाश्या मात्र तुमच्याकडे कमी असतील. बी धरायचं नसेल तर मी हात लावणार नाही.

बांधावरून
बी धरायचं असेल तर मात्र लागलेली बोंडं वेळेवर काढून नष्ट करा. वाट बघत बसू नका. मी या बाबतीत जुनी_वही ताईंच्या विरोधात आहे, पीक आणि बाग यांचा हिशोब वेगळा.

जुनी_वही
पिकापुरतं मान्य.

पानगळ
बी नको आहे. थोडे गोंडे ठेवून माशी निघेपर्यंत पाहीन म्हणतो. कसे ठेवू?

गाठोडं
काचेच्या बरणीत, तोंडाला कापड बांधून. घट्ट झाकण लावू नका, बुरशी येते. आणि घरात उबेला ठेवू नका, तुमच्याकडे थंडी असेल तर त्यांना ती लागू द्या. घरात उबेमुळे माशी लवकर निघते आणि बाहेर अजून कळ्या नसतात. अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा पुरे. प्रत्येक झाडाचे गोंडे वेगळ्या बरणीत आणि वर झाडाचं नाव, तारीख. नाव नसलेल्या बरणीतून निघालेली माशी ओळखायला निम्मी माहिती गेलेली असते.

सहापाय
कापड अगदी तलम विणीचं घ्या. माश्या साध्या जाळीनेही अडतात, पण गांधीलमाश्या काही मिलिमीटरच्याच असतात, त्या निसटतात आणि मग आपल्याला वाटतं की बरणीतून काही निघालंच नाही. निघालेल्या प्रत्येकीचा पंख पसरलेला फोटो इथेच टाका, आणि मादी असेल तर नळीचाही, बाजूने काढलेला.